दादा, वायरलेस आणि कोपऱ्यातली चौकट

सतरा जानेवारीला माझ्या थोरल्या भावाने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सातशे पन्नास रुपये दिले आणि पावती घेतली. पावतीवर ‘साफसफाई’ एवढंच लिहिलेलं होतं. कसली साफसफाई, असं दादाने विचारलं तेव्हा दुकानदाराने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. आठवडा उलटायच्या आत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा चौकट उगवली : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत. इथे दाबा.’ दादा म्हणाला, “सातशे पन्नासात पाचातले निदान दोन तरी जायला हवे होते.”

दादाविषयी आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पोरकट वाटेल.

वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी शाळेत होतो. त्याने शिक्षण सोडलं आणि बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, सुट्या भागांच्या स्टोअरला तो लागला. मी कॉमर्स केलं, हिशेब खात्यात चिकटलो आणि आता निवृत्तीला आलो, ते सगळं त्या स्टोअरच्या जिवावर. हे तो कधी बोलून दाखवत नाही. स्टोअरला एक जाळीची खिडकी होती. बाहेरून मेकॅनिक चिठ्ठी सरकवायचा, आतून दादा बेअरिंग किंवा फॅनबेल्ट सरकवायचा. माल नसेल तर ‘शिल्लक नाही, सोमवारी विचारा’ असं लिहून चिठ्ठी परत द्यायचा. खिडकीत आलेली चिठ्ठी उत्तराशिवाय पडून राहिली, असं त्याच्या सबंध नोकरीत झालं नाही. एकदा मेकॅनिक लोकांनी गंमत म्हणून ‘एक नग सुट्टी, भरपगारी’ अशी चिठ्ठी आत सरकवली. दादाने तिच्यावर लिहिलं, ‘हा माल साहेबांच्या कपाटात असतो, तिकडे मागावा’ आणि सही करून परत केली.

ही सवय त्याच्याबरोबर घरी आली. राँग नंबर लागला तर दादा नुसतं ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवत नाही. समोरच्याला कोण हवंय, कोणता आकडा चुकला असेल, याची चौकशी करतो. विमा विकणाऱ्या मुलीला तो आपलं वय, आजार आणि विमा का नको याची कारणं क्रमवार सांगतो. ती मुलगीच शेवटी कंटाळून फोन ठेवते.

घरात काही बिघडलं की ते खातं दादाचं. नळाचा वॉशर, पंख्याची कुरकुर, कपाटाचं न लागणारं दार. वहिनी आतून हाक मारायच्या, “अहो, जरा बघता का?” आणि दादा पेपर खाली ठेवून उठायचा. उठताना कुरकुरायचा, पण ते वरवरचं. निवृत्त झाल्यावर वर्कशॉपची खिडकी बंद झाली आणि त्याला बोलावणारी ती एवढीच हाक उरली. ती हाक त्याला किती लागते हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. ती दुसऱ्याच्या वाट्याला जायला लागली, तेव्हा कळलं.

वहिनी घरी बसून टायपिंगची कामं करतात. दोन वकील आपल्या आवाजात रेकॉर्ड केलेला मजकूर त्यांना पाठवतात. कानाला हेडफोन लावून वहिनी तो ऐकतात, टाइप करतात आणि इंटरनेटवरून परत धाडतात. पूर्वी हेच काम टाइपरायटरवर चालायचं. टाइपरायटर दादाला कळत असे. रिबन बदलणं, अडकलेली अक्षरं सोडवणं, तेल देणं, सगळं त्याच्याकडे. मग परगावी असलेल्या मुलीने आईला कॉम्प्युटर घेऊन दिला. दादाने स्क्रू काढून त्याच्या पोटात बघितलं, धूळ फुंकली आणि झाकण परत लावलं. तेल घालायला कुठे जागाच नव्हती.

चौकटी येताना ‘टण्’ असा आवाज करायच्या. हेडफोनमुळे तो थेट वहिनींच्या कानात वाजायचा. वकील सांगतोय ‘सबब प्रतिवादीने’, आणि मध्येच टण्. प्रतिवादीने काय केलं ते मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. चौकटीही नाना तऱ्हेच्या. तुम्ही फोन जिंकलात. तुमचं वजन पंधरा दिवसांत कमी करा. तुमच्या जवळच कोणीतरी तुमच्या ओळखीची वाट पाहत आहे. ही शेवटची वाचून दादा गंभीर झाला.

“जवळच म्हणजे कुठे?” त्याने विचारलं.

“मला काय विचारता? मी टायपिंग करतेय,” वहिनी म्हणाल्या.

त्याच सुमारास तळमजल्यावर एक नवे भाडेकरू आले. मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. अंगाने सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं कमी. बिल्डिंगमधले सगळे त्यांना वायरलेस म्हणायला लागले. जिन्यात वहिनी चौकटींचं गाऱ्हाणं सांगत होत्या ते त्यांनी ऐकलं आणि “मी बघू का?” एवढंच विचारलं. वर आले, खुर्चीत बसले, माउस चार-सहा वेळा इकडून तिकडे फिरवला आणि चौकटी थांबल्या. वहिनींनी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी आपला कप उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन विसळून ठेवला.

दादाच्या मते सगळं बिघडलं ते त्या कपापासून. तो मला म्हणाला, “इतक्या वर्षांत मी एकदाही कप उचलला नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तोवर तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.”

चौकटी थांबल्या त्या चार दिवसांपुरत्या. मग पुन्हा टण्. संध्याकाळची वेळ होती, दादा पेपर वाचत होता. वहिनींचा आवाज आला, “अहो.” दादा पेपर ठेवून अर्धा उठला. वहिनी खिडकीतून वाकून पुढे म्हणाल्या, “जरा वर येता का? पुन्हा सुरू झालंय.” दादा परत बसला आणि वाचलेलंच पान त्याने दुसऱ्यांदा वाचलं.

तेव्हापासून आमच्या संध्याकाळच्या फिरण्यात दुसरा विषय राहिला नाही. आम्ही दोघं भाऊ पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत येतो. पूर्वी जाताना त्याचे गुडघे आणि येताना माझा पगार, अशी वाटणी होती. आता जाताना वायरलेस आणि येतानाही वायरलेस. ते आले की वहिनी चांगल्या कानाचा कप काढतात आणि दादाला टवका उडालेला येतो. ते बसतात ती खुर्ची दादाची. एकदा ते चष्म्याचं घर विसरून गेले, तर वहिनींनी ते पुसून ड्रॉवरमध्ये ठेवलं. “माझा चष्मा मी रोज शोधतो,” दादा म्हणाला, “त्याला ड्रॉवर नाही मिळत.” शिवाय वहिनी त्यांना जहाजांविषयी विचारतात. बंदरं कशी असतात, वादळात झोप कशी लागते. “हिला समुद्र कधीपासून आवडायला लागला? बोटीत पाय ठेवला की हिला मळमळतं. आमच्या लग्नानंतर एकदाच बसलो होतो, सगळा वेळ मी हिचं डोकं धरून होतो. ते नाही सांगत त्यांना.”

मी म्हटलं, दादा, माणूस सज्जन दिसतो.

“सज्जनच आहे,” तो म्हणाला. “तेच तर दुखणं आहे. हलकट असता तर दारातून घालवला असता. सज्जन माणसाला कसं घालवायचं?”

त्याला हसावं की समजूत घालावी हे मला कळेना. साठी उलटलेला, शांत म्हणून नावाजलेला माणूस. त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि तोही कशावरून, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात येणाऱ्या बोटभर चौकटीवरून. पण ते तसं नव्हतंच. त्याच्या घरात एक बिघाड झाला होता आणि त्याची बायको तो दुरुस्त करायला दुसऱ्याला बोलावत होती. शेवटी मी म्हटलं, मग तूच का शिकून घेत नाहीस? तो टाकीकडे बघत म्हणाला, “तेच चाललंय.”

ते कसं चाललंय हे एका रविवारी मी बघितलं. दुपारी जेवणं झाल्यावर वहिनी आतल्या खोलीत आडव्या झाल्या. दादाने दार हळूच लोटून घेतलं, कॉम्प्युटर लावला आणि एका बोटाने टाइप केलं : पॉप-अप कसे थांबवावेत. ढीगभर पानं आली. तो एकेक उघडून मन लावून वाचत होता. जवळजवळ प्रत्येक पान उघडलं की वर एक लहानशी पट्टी यायची, तिच्यावर ‘अलाऊ’ आणि ‘ब्लॉक’ अशी दोन बटणं. एका पानावर तर लिहिलं होतं की आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा. दादाने दाबलं. पुढच्या पानावर दाबलं. त्याच्या पुढच्याही. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, परवानगी मागतात बिचारे. मी म्हटलं, द्यायलाच हवी का?

“कोणी विचारलं तर उत्तर नको द्यायला? नुसतं तोंडाकडे बघत बसायचं?”

मला ते पटलं. ऑफिसमध्ये हिशेबाचा एक प्रोग्राम सोडला तर मलाही त्यातलं काही कळत नाही. त्या दुपारी उपाय काही हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी चौकटी दुप्पट झाल्या आणि वायरलेसना पुन्हा वर यावं लागलं. त्यानंतर दादा आणखी जिद्दीने अभ्यासाला बसायला लागला आणि वायरलेसच्या फेऱ्या आणखी वाढल्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल हे आम्हा दोघा भावांच्या मनातही आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

मार्च लागला तेव्हा वायरलेस एक दिवसाआड येत होते. एकदा ते गेल्यावर दादाने वहिनींना सांगून टाकलं की आता त्यांना बोलवायला नको, यापुढे कॉम्प्युटरचं तो स्वतः बघेल. कारण विचारलं तर म्हणाला, उगीच परक्या माणसाला त्रास.

“त्यांना त्रास होत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मला होतो.”

वहिनींनी हेडफोन काढून मानेवर घेतले. मग म्हणाल्या, “बरं. तुम्ही बघा.”

हे पुढचं मला दादानेच सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, पाण्याच्या टाकीपर्यंतच्या कितीतरी फेऱ्यांमध्ये.

त्या गुरुवारी वहिनींकडे मोठं काम होतं. जागेच्या वादातला लांबलचक अर्ज संध्याकाळी पाचपर्यंत वकिलाला पोचवायचा होता. आधीच्या आठवड्यात दोनदा उशीर झालेला, आणि वकिलाने गोड शब्दांत सांगितलं होतं की टायपिंग करणाऱ्या आणखी एक बाई त्याच्या ओळखीच्या आहेत. वहिनींनी सकाळी दादाला विचारलं, आज नीट चालेल ना? दादा म्हणाला, चालेल म्हणजे काय, धावेल. वहिनी भाजी आणायला गेल्या तेवढ्यात त्याने शेवटचा हात मारून घ्यायचं ठरवलं. एक चौकट आलीच होती : ‘नको असलेले सर्व मेसेज कायमचे थांबवा. फक्त एकदा दाबा.’ इतके दिवस शोधत होतो ते घरबसल्या चालून आलं असं त्याला वाटलं. त्याने दाबलं. त्यातून दुसरं पान उघडलं, त्या पानाने परवानगी मागितली, ती दादाने दिली. मग तिसरं उघडलं. दादा म्हणतो की तो देत गेला आणि ते मागत गेले.

वहिनी कामाला बसल्या आणि पहिल्याच वाक्याला टण् झालं. मग टण् टण्. एकावर एक चौकटी चढायला लागल्या. एक मिटवली की दोन यायच्या. वहिनींनी हेडफोन काढले. दादा म्हणाला, थांब, मी करतो. त्याने माउस घेतला, चौकटींवर मारायला सुरुवात केली, आधी हळू, मग जोरात, मग माउसच टेबलावर आपटला. त्याचं डावं बटण आत गेलं ते वर आलंच नाही.

दादाला वाटलं आता वहिनी बोलतील. त्या बोलल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटत होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, “मी खाली जाऊ, की तुम्ही जाता?”

दादा म्हणाला, “मी जातो.”

दोन जिने उतरायला त्याला बराच वेळ लागला. वायरलेसचं दार अर्धवट उघडं होतं. दादाने कडी वाजवली, उत्तर नाही. आत डोकावला तर खोलीत एक पलंग, एक खुर्ची, दोरीवर एकच शर्ट वाळत घातलेला, आणि खिडकीपाशी टेबलावर जुना रेडिओ सेट. वायरलेस कानाला हेडफोन लावून पाठमोरे बसले होते. ओट्यावर एक कप पालथा घातलेला होता. दुसरा कप दादाला कुठे दिसला नाही. दादा म्हणतो, त्याने मुद्दाम शोधला नाही, पण नजर फिरली.

मग वायरलेस वळले आणि दादाला बघून चटकन उठले. काय झालं हे त्यांनी विचारलंही नाही. दोरीवरचा शर्ट काढला, हातानेच सारखा केला, अंगात चढवला. बटणं लावता लावता म्हणाले, “मला वाटलं आता तुम्ही बोलावत नाही.”

“माउसही मोडलाय,” तो म्हणाला.

वायरलेसनी कपाटातून खोक्यात असलेला नवा माउस काढला. त्यांनी तो स्वतःसाठी आणून ठेवलेला होता. खोक्यावर दोनशे वीस रुपये किंमत छापलेली होती. दादाने ती तिथल्या तिथे वाचून ठेवली.

वर आल्यावर ते दादाच्या खुर्चीत बसले. नवा माउस जोडला. आधी आवाज बंद केला, मग कुठे काय उघडलं गेलं होतं ते बघायला लागले. तिथे दुपारचं सगळं दादाचं पुराण लिहिलेलं होतं. पॉप-अप कसे थांबवावेत. पॉप-अप स्वतः कसे थांबवावेत. शेजाऱ्याच्या मदतीशिवाय पॉप-अप कसे थांबवावेत. दादा त्यांच्या पाठीमागे उभा होता आणि त्याला ते त्यांच्या खांद्यावरून वाचता येत होतं. वहिनी दाराशी होत्या. वायरलेस वाचत होते आणि दादाच्या कानशिलांपर्यंत आग गेली होती.

वायरलेसनी ते पान शांतपणे मिटवलं. “हे कुणाच्याही हातून होतं,” वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. मग खुर्चीतून उठले. “तुम्ही बसा.”

“मी?”

“मी सांगतो. हात तुमचा.”

दादा बसला. आपल्याच खुर्चीत कितीतरी आठवड्यांनी. वायरलेसनी त्याला सेटिंगमध्ये नेलं, तिथून नोटिफिकेशनपर्यंत नेलं आणि दाखवलं की ज्या ज्या साइटला त्याने अलाऊ म्हटलं होतं, ती प्रत्येक साइट तिथे नावानिशी हजर होती. यातलं काही व्हायरसने आणलं नव्हतं. कॉम्प्युटर तब्येतीने ठणठणीत होता. या सगळ्यांना घरात यायचा परवाना घरमालकाने सही करून दिलेला होता. दादाने स्टोअरमधल्या माणसाच्या नजरेने ते वाचलं आणि विचारलं, म्हणजे मी मागेल त्याला माल देत बसलो?

“तुम्ही उत्तर देत बसलात,” वायरलेस म्हणाले. मग त्यांनी जहाजावरची गोष्ट सांगितली. ते एवढं सलग बोलताना दादाने पहिल्यांदाच ऐकलं. जहाजावर हेडफोन लावून बसलं की रात्रंदिवस हाका येत असतात. हजार जहाजांच्या, बंदरांच्या, कुणाच्याही. नव्या ऑपरेटरला सगळ्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. जुना ऑपरेटर सगळं ऐकतो, पण आपल्या जहाजाचं नाव येईपर्यंत बटणाला हात लावत नाही. संकटाची हाक असेल तेवढी वेगळी.

“आणि बाकीच्यांना राग नाही येत?” दादाने विचारलं.

“कोणाला? त्यांनी तुम्हाला हाक मारलेलीच नसते.”

खिडकीतली चिठ्ठी उत्तर न देता सोडायची ही गोष्ट दादाला सहज पटणारी नव्हती. मग त्याने एकेकाला काढायला सुरुवात केली. नाव वाचायचं, काढायचं. वाचायचं, काढायचं. वायरलेस म्हणाले की सगळी एकदम काढता येतात. दादा म्हणाला, नको, ज्यांना आत घेतलं त्यांना एकेकालाच बाहेर काढलेलं बरं. शेवटी वायरलेसनी त्याला आणखी एक बटण दाखवलं. ते दाबलं की कोणतीच साइट परवानगी विचारायलाच येत नाही. त्या बटणाशी दादा थबकला आणि बोलून गेला : वर्कशॉपमध्ये संध्याकाळी सहाला खिडकीची फळी पाडायची, तशी ही फळी; पण तिथे ती सकाळी परत उघडायची असे. इथे पाडली की पाडली. त्याने मागे वळून वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, “पाडा आता. पाच वाजायला आले.”

त्याने दाबलं. खोली शांत झाली. वहिनी कामाला बसल्या आणि अर्ज पंधरा मिनिटं उशिरा गेला. वकील काही बोलला नाही. त्याचं काम अजून त्यांच्याकडेच आहे.

चहा झाल्यावर वायरलेसनी सवयीने कपाला हात घातला. दादाने त्याआधीच त्यांचा आणि आपला असे दोन्ही कप उचलले आणि आत नेऊन विसळले. एकाचा कान त्याच वेळी निखळला. चांगल्या कपाचा.

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादा बाहेर गेला होता. मी वहिनींना म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल, पण त्या चौकटी दादानेच ओढवून घेतल्या होत्या, दुपारी तुम्ही झोपल्यावर तो अभ्यास करायचा.

“मला सगळं माहीत होतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “दुपारी झोप कोणाला येते? एका बोटाचं टक टक टक ऐकू यायचं. वायरलेसनी दुसऱ्याच फेरीला सांगितलं होतं, घरात कोणीतरी अलाऊ दाबतंय म्हणून.”

मग त्याला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

वहिनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होत्या. “लग्न झाल्यापासून हे कधी माझ्यावरून अस्वस्थ झाले नव्हते. मी माहेरी महिनाभर राहिले तरी पत्रात पंख्याला तेल दिल्याचं लिहायचे. म्हटलं, चार दिवस बघू तरी कसं दिसतं.” त्या हसल्या. “माझं काम तुंबायला लागलं तेव्हा मात्र पुरे झालं.”

हे मी दादाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो आहे ते त्याने वाचलं तर त्याचं तो बघून घेईल.

कॉम्प्युटर त्यानंतर गप्प आहे. काही अडलं की वहिनी “अहो” म्हणतात आणि दादाच उठतो. प्रिंटरमध्ये कागद अडकणं वगैरे त्याच्या आवाक्यातलं असतं. वायरलेसना वर यायचं कारण उरलं नाही, आणि दादा सुखाने झोपायला हवा होता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या कॉम्प्युटरवर तसल्याच चौकटी यायला लागल्या आणि वायरलेस तिकडे जायला लागले, तेव्हा टाकीपर्यंतच्या फेरीत दादा पुन्हा पेटला. त्या बाईंना एकदा सांगून कळत नाही? आमच्याकडे एका बैठकीत निकाल लागला. आणि जाता-येता आमच्याच मजल्यावरून जायचं, तर दारावर टकटक करायला काय होतं? तिथे म्हणे तीन-तीन कप चहा होतो.

मी म्हटलं, दादा, तुला नेमका कोणाचा राग येतोय?

तो म्हणाला, “तू हिशेबात राहा.”

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात उभा होता. वायरलेस तिसऱ्या मजल्यावरून उतरताना त्याने त्यांना अडवलं आणि माउसच्या पैशांचं बोलायचं आहे म्हणून घरात नेलं. वहिनींनी चहा केला. ते बराच वेळ बसले, बंदरांविषयी बोलणं झालं, आणि या वेळी बोटीत वहिनींचं डोकं कोणी धरलं होतं तेही दादाने सांगून घेतलं. पैशांचा विषय निघाला नाही. जाताना वायरलेस म्हणाले, माउसचं काय म्हणत होतात? दादा म्हणाला, त्यासाठी पुन्हा या एकदा, निवांत बसून बोलू.

ते दर रविवारी येतात. माउसचे दोनशे वीस रुपये दादाने अजून दिलेले नाहीत.